नमुना क्रमांक एकतीस

बाटलीवर निळ्या शाईत : चोडण, फोंडू आगरकर, घरची बांय.
दिसायला निर्मळ. वासाला काही नाही.
नळी बुडवली, आणि यंत्रातली निळी ज्योत
एकदम पिवळी झाली,
रायबंदरच्या धक्क्यावरच्या त्या जुन्या दिव्यांसारखी,
ज्यांच्याखाली फेरीबोटीची वाट बघताना
सगळीच माणसं कावीळ झाल्यासारखी दिसायची.

दहापट शुद्ध पाणी घालून पुन्हा मोजलं.
सहाशे चाळीस. लिटरमागे, मिलिग्रॅम.
दोनशेच्या आसपास जिभेला कळू लागतं म्हणतात.
या घरच्या जिभेला का कळलं नाही
ते यंत्र सांगत नाही.

फॉर्मला आरोग्यकेंद्राची चिठ्ठी टाचलेली,
सिस्टर एस्मेराल्दाचं तिरकं अक्षर :
रक्तदाब एकशे ऐंशीवर एकशे दहा.
गोळी आधी एक, मग दोन, आता तीन.
संध्याकाळी पाय सुजतात.
मीठ पूर्ण बंद, सून देवाची शपथ घेऊन सांगते.
मॅडम, मग येतं कुठून?

रविवारी गेले. नियमात बसत नाही ते.

सून सुरंगी दारातच बोटं मोडत बसली :
खारें बंद. चेपणीतली तोरां बंद. पापड बंद.
पेजेत चिमूटही नाही.
वर्ष झालं आळणी जेवतात, ताट ढकलत नाहीत.
पाणी तेवढं पितात. उन्हातलं माणूस,
तीन लिटर कुठंच गेले नाहीत.
आणि पेज शिजते तीही त्याच पाण्यात.

मी मनात गुणाकार केला.
रोज एक चमचा. जवळजवळ सपाट.
या घरातल्या कुणीच तो घातला नव्हता.

फोंडू पायरीवर. टाचांच्या भेगांत
चाळीस वर्षांचं मिठागर अजून पांढरं.
म्हणाला, आगर चालायचं तेव्हा ही बांय गोड होती.
आगराला बांध लागतो, बांधाला माणूस,
दर पुनवेला कुणीतरी मानशीची दारं बघून यायचं.
मग आगर बसलं.
मानस कोळंबीवाल्यानं लिलावात घेतली,
फळ्या उघड्याच.
नदी शेतात चढली, ते सगळ्यांनी पाहिलं.
शेतातून खाली उतरली,
ते कुणी पाहिलं नाही.

आणि चव?
चव रोज कणभर सरकते, बाय,
जीभ तिच्या मागनं चालते.
अबोली नाही चालली. ती बघ,
पानांची टोकं.

नळाला दिवसाआड दोन कळश्या येतात.
त्या नातवंडांच्या. त्यांना बायीचं द्यायचं नाही
असं त्यानंच ठरवलं, चार वर्षांपूर्वी,
कारण न सांगता.
सुरंगी हे सांगता सांगता मध्येच थांबली.
आम्ही दोघी त्याच्याकडे बघत राहिलो.
तो अबोलीकडे.

तुझं यंत्र काय म्हणतं?
मी आकडा सांगितला.
आकड्याचं त्यानं काही केलं नाही.
उठला, कळशीतलं ओंजळभर पाणी
धुण्याच्या काळ्या दगडावर पसरलं,
हातानं कडेकडेनं सारखं केलं,
जसा वाफा सारखा करतात,
आणि उन्हाला म्हणाला, हं.

मे महिना. चहा होईपर्यंत दगड सुकला.
कडेला पांढरी रेघ उमटली होती,
मधोमध नुसती धुरकट साय.
त्यानं नखानं खरवडली, बोट ओठांकडे नेलं.
नको, मी म्हटलं.
मग चिमटीत चोळली, डोळे बारीक करून पाहिली,
दुसऱ्या कुणाच्या आगरातला माल पाहावा तशी.
दाणा धरत नाही, म्हणाला.
पण आपलंच आहे. ओळखतो मी.

मी फॉर्म काढला. 'पिण्यास' या शब्दापुढे
एक रकाना आहे, फार अरुंद.
आतून सुरंगी विचारत होती,
गोळ्या मग तीनच ठेवायच्या का.